गणिताची सुरुवात हातापासून

मूल शंभरपर्यंतचे अंक घडाघडा म्हणू लागले की आपल्याला कौतुक वाटते. पण त्याच मुलापुढे मूठभर चिंचोके ठेवून ‘यातले तेवीस दे’ म्हटले की ते गोंधळते. पाठांतर झाले, संख्या कळली नाही, असा याचा अर्थ. ही पायरी कच्ची राहिली की गणिताची धास्ती बसते आणि पुढे शाळाच नकोशी होते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना मात्र सहा आधी. म्हणून मूल ३६ लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, त्यावर बराच वाद झाला. नावे कशीही असोत, दशक म्हणजे काय हे आधी हाताला कळले पाहिजे.

मारिया मोंटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले. तेथे मुले मणी व दांड्या हाताळत गणित शिकत. ही साधने महाग. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला गोरगरिबांच्या मुलांसाठी परिसरातल्या साध्या वस्तूंचीच साधने केली. आपल्यालाही ते जमेल.

खराट्याच्या काड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे करावेत. दहा काड्या झाल्या की मुलानेच रबर लावून जुडी बांधावी. सहा जुड्या, तीन सुट्या म्हणजे त्रेसष्ट. एकोणतीस म्हणजे तिसरी जुडी बांधायला एक काडी कमी.

आता ४२ मधून १७ वजा करू. चार जुड्या, दोन सुट्या. दोनातून सात जात नाहीत. एक जुडी सोडली की सुट्या बारा होतात. सात काढल्या, पाच उरल्या. तीन जुड्यांतून एक काढली, दोन उरल्या. उत्तर पंचवीस. उसना दशक कुठून आला, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले.

बँकेत आम्ही हेच करतो. शंभर नोटांचे पाकीट, दहा पाकिटांचे बंडल. सुटे मोजायचे आणि बांधायचे, एवढेच त्यातले गणित.

ज्या आईला अक्षरओळख नाही, तीही बाजारात हिशेब चोख करते. तिने रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे मुलासोबत जुड्या बांधाव्यात. चुकले तर रागावू नये, पुन्हा मोजायला सांगावे. शिकवणीची फी नसली म्हणून आपले मूल गणितात मागे राहण्याचे कारण नाही.