पक्ष्यांचे छायाचित्रण : तंत्र आणि तारतम्य

बालरोगतज्ज्ञाचा लहानगा रुग्ण आपली तक्रार शब्दांत सांगत नाही. पक्षीही सांगत नाही. दोघांच्याही बाबतीत नीट पाहणे हेच पहिले साधन होय. हिवाळ्यातील रविवारी पहाटे करजणहून डभोईमार्गे वढवाणा तलावावर जाण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. बडोदे संस्थानाने १९१० साली बांधलेला हा जलाशय २०२१ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाला. तेथे कॅमेरा हाती घेऊन जे शिकलो, ते येथे थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट गतीची. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास असावा. स्वस्थ बसलेल्या पक्ष्यास बहुधा १/५०० पुरतो. उजेड कमी असल्यास आयएसओ वाढविण्यास कचरू नये. चित्र दाणेदार झाले तर संगणकावर बरेच सुधारते. हललेले चित्र मात्र सुधारत नाही. फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर असावा.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. गडद पाण्यावर लहानसा पांढरा बगळा असेल तर तो सारे दृश्य उजळवितो आणि बगळ्याची पिसे पांढऱ्या डागात हरवतात. अशा वेळी एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करावे. उजळ आकाशासमोर पाणकावळा असल्यास ते एक स्टॉप वाढवावे. हिस्टोग्राम पाहण्याची सवय ठेवावी आणि चित्र रॉ स्वरूपात घ्यावे, म्हणजे पुढील संस्कारांस वाव राहतो.

तिसरी गोष्ट संपादनाची. चौकट कापणे, रंगसंतुलन साधणे, दाणे कमी करणे, किंचित रेखीवपणा आणणे, एवढे पुरे. क्ष-किरण चित्र उजळ-गडद करून पाहणे निदानास साहाय्यक असते. परंतु त्यातील छाया पुसून टाकणे आपल्यापैकी कोणी क्षम्य मानील काय?

हा प्रश्न मी स्वतःच्या चुकीवरून विचारतो आहे. उत्तरायणानंतरच्या एका रविवारी मला शेकाट्याचे सुरेख चित्र मिळाले. त्याच्या गुलाबी पायापाशी एक बारीक रेघ दिसत होती. गवताची काडी समजून मी ती पुसली. चित्र देखणे झाले, मित्रांनी वाखाणले. आठवड्याने मूळ चित्र पूर्ण आकारात पाहिले, तेव्हा ध्यानात आले की तो पतंगाचा मांजा होता आणि त्याचे वेढे पायाला पडले होते. पुन्हा तलावावर गेलो. पण तो पक्षी दिसला नाही. जी खूण मदत मागत होती, तीच मी दोष समजून पुसली होती.

तेव्हापासून मी मूळ चित्र जपून ठेवतो आणि संपादनापूर्वी ते पूर्ण आकारात तपासतो. संशय आल्यास त्याच दिवशी वन विभागास कळवितो. जखमी पक्ष्यांच्या उपचारासाठी गुजरातेत २०१७ पासून उत्तरायणाच्या सुमारास करुणा अभियान चालते. आपले चित्र तेथे उपयोगी पडू शकते.

मित्रहो, चित्र सुंदर करण्याआधी ते वाचावे. आपल्या व्यवसायाने आपल्याला तेवढे तर नक्कीच शिकविले आहे.