झाकली मूठ

पत्र लिहावयास बसलेला मनुष्य पूर्वी आधी एक गोष्ट ठरवीत असे : कार्ड घ्यावे की पाकीट? कार्डावरील मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो. पाकिटातील मजकूर ज्याचा त्यालाच पोचतो. म्हणून खुशालीच्या चार ओळी कार्डावर जात. घरातील आजारपण, कर्ज किंवा मनातील सल मात्र पाकिटात बंद होई. कोणती गोष्ट कोणास सांगावी, हा विवेक त्या साध्या निवडीत होता.

२००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात काही विद्यार्थ्यांनी फेसबुक सुरू केले. आज अशा समाजमाध्यमांवर कोट्यवधी लोक आपले जीवन मांडतात. परदेशी असलेले नातवंड आजीला घरबसल्या दिसते, हा लाभ लहान नव्हे. तरीही छायाचित्र धाडताना अनेकांचे बोट क्षणभर थबकते. ‘हे सर्वांनी पाहावे काय?’ असा प्रश्न मनात उभा राहतो.

मुलांनो, ही अस्वस्थता म्हणजे भित्रेपणा नव्हे. आपण छायाचित्र पुसले, तरी दुसऱ्याने घेतलेली त्याची प्रत पुसता येत नाही. गणवेशावरील शाळेचे नाव किंवा दारावरची पाटी परक्याला पुष्कळ काही सांगून जाते.

शिवाय आपले जीवन एकट्याचे नसते. फेसबुकवरील एक प्रश्नावली सुमारे ३ लाख लोकांनी सोडविली. परंतु तिच्याद्वारे त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा झाली. अशा सुमारे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेली असावी, असे २०१८ साली फेसबुकनेच सांगितले. त्यांतील बहुतेकांनी ती प्रश्नावली पाहिलीही नव्हती!

खासगी जीवन जपणे हा प्रत्येकाचा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. जो अधिकार आपला, तोच आपल्या मित्राचाही. म्हणून त्याचे छायाचित्र सर्वांपुढे ठेवण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि तो ‘नको’ म्हणाला तर रुसू नये.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपल्याकडे म्हणतात. मूठ कायमची झाकावी असे नाही. पण ती केव्हा आणि कोणापुढे उघडावी, हे आपण स्वतः ठरवावे.

स्वाध्याय

१. कार्ड आणि पाकीट यांच्या निवडीत कोणता विवेक होता?
२. ‘आपले जीवन एकट्याचे नसते’ हे पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. मित्राने तुम्हांला न विचारता तुमचे छायाचित्र सर्वांना दाखविले, तर तुम्ही त्याला काय सांगाल? पाच-सहा ओळी लिहा.