किलोभर आवळे घरात होते

चिंगी गेली त्याला आता अडीच महिने होतील. अजूनही कुणी “तुमच्याकडूनच दुर्लक्ष झालं असेल” असं म्हटलं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. जाऊबाईंनी तर संक्रांतीच्या हळदीकुंकवात चार बायकांसमोर ऐकवलं. म्हणून लिहायला बसले आहे. दुर्लक्ष मी केलेलं नाही. रोज पहाटे, डब्यांच्या भाज्या फोडणीला टाकायच्या आधी, मी त्या दोघींचा पिंजरा साफ करत होते. पाण्याची बाटली रोज धुवत होते. ज्याने पैसे घेऊन जिवंत जनावर विकलं त्याने जे खायला घाला म्हणून सांगितलं, ते मी वेळेवर घालत होते. माझा गुन्हा असेल तर तो एवढाच.

दिवाळीच्या सुट्टीत आणली होती गिनीपिगची ही दोन पिल्लं. लेकीने नावं ठेवली चिंगी आणि ठकी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येकी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरली. दुकानदार म्हणाला, “ताई, दोघी बहिणी आहेत, भांडणार नाहीत. सशाचं खाणं चालतं, वर काकडी-गाजर टाकायचं. काही कटकट नाही.” सशाच्या पेलेट्सचं किलोभराचं पाकीट, लाकडाचा भुसा आणि जाळीच्या तळाचा पिंजरा असं सगळं त्याच्याकडूनच घेतलं. मी दोनदा विचारलं, “गिनीपिगचं वेगळं खाणं नसतं का?” तो म्हणाला, “सगळं एकच असतं हो.” हे वाक्य मी आल्या आल्या वहीत लिहून ठेवलं होतं. वही आजही घरात आहे.

पहिले पंधरा-वीस दिवस नुसता आनंद होता. फ्रिजचं दार उघडलं की दोघी ‘वीऽक वीऽक’ करून घर डोक्यावर घ्यायच्या. मध्येच लाह्या फुटाव्यात तशा जागच्या जागी उडायच्या. लेक तासन्‌तास समोर बसून असायची.

मग चिंगीचं उडणं थांबलं. थंडी पडली होती, म्हटलं गारठली असेल, म्हणून जुना स्वेटर कापून आत घातला. ती एका कोपऱ्यात अंग फुगवून बसायला लागली. चालायची वेळ आलीच तर मागचे पाय ओढत, सशासारखी टुणकन एक उडी मारून थांबायची. एके संध्याकाळी मी तिला उचललं. नेहमीसारखंच, एक हात छातीखाली आणि एक मागून. ती इतकी किंचाळली की शेजारच्या काकू दारात आल्या. अंगावरचे केस रुक्ष झाले होते, हनुवटी लाळेने ओली होती, मागचे गुडघे हाताला जाड लागत होते.

आमचे ‘अहो’ म्हणाले, “उंदराएवढ्या जिवासाठी कुठे डॉक्टर शोधत बसतेस?” (नंतर तेच सर्वांत जास्त रडले, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.) घराजवळच्या, कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे दोन मिनिटांत जंतुसंसर्ग म्हणून औषध लिहून दिलं. केमिस्टकडे ते नव्हतं, म्हणून त्या रात्री दिलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीतून सशा-पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टर कळल्या आणि आम्ही पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलो.

त्यांनी चिंगीला टॉवेलमध्ये घेतलं, गुडघे चाचपले, ओठ जरा वर करून हिरड्या पाहिल्या. मग विचारलं, “हिला खायला काय देता?” मी वहीच पुढे केली. त्यांनी वाचली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, “स्कर्व्ही आहे.”

माझी लेक सहावीत आहे. ती पटकन म्हणाली, “म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचा? हिरड्यांतून रक्त येतं तो?” शाळेच्या पुस्तकातला तक्ता तिला पाठ होता. मलाही होता की! लहानपणी आपण सगळ्यांनी घोकलेलं असतं. रातांधळेपणा, मुडदूस, स्कर्व्ही. पण तो रोग माझ्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात येऊन बसेल, हे कुणाच्या मनात येणार?

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. कुत्री, मांजरं, ससे, उंदीर आपल्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि गिनीपिगलाही जमत नाही. ते रोज बाहेरून, खाण्यातूनच मिळावं लागतं. सशाला गरज नसल्यामुळे सशाच्या पेलेट्समध्ये ते घातलेलं नसतं. काकडी आणि गाजरात ते अगदी थोडं असतं. मिळालं नाही तर दोन-तीन आठवड्यांत सांधे, हिरड्या, बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, सांध्यांत रक्त उतरतं. म्हणून उचललं की ती किंचाळत होती. वाढत्या पिल्लांना ही कमतरता आणखी लवकर भोवते.

नंतर मी वाचत गेले तेव्हा कळलं, की 1907 साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रॉलिश या दोन शास्त्रज्ञांना स्कर्व्हीचा अभ्यास करता आला तो गिनीपिगमुळेच. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना हा रोग झाला आणि ताज्या पाल्याने तो टळला. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. हे प्राणी विकून जो घर चालवतो, त्याला ती माहीत नसावी?

डॉक्टरांनी हिशोब करून दाखवला, तो माझ्या मनातून जात नाही. एका किलो वजनामागे दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅम, आणि वाढत्या, आजारी किंवा गाभण जनावराला 30 पर्यंत. म्हणजे चिंगीला सात-आठ मिलिग्रॅम पुरले असते. हिरव्या ढोबळी मिरचीत 100 ग्रॅमला 80 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. रोज दहा ग्रॅम ढोबळी. बोटभर तुकडा. त्या आठवड्यात मी मोरावळ्यासाठी किलोभर आवळे आणून ठेवले होते. ओट्यावर, पिंजऱ्यापासून सहा फुटांवर. आवळे आणि तो आजारी जीव एका घरात होते, आणि मी तिला काकडी चिरून घालत होते.

चार दिवस तिला सिरिंजने पातळ करून भरवलं, मोजून ‘क’ जीवनसत्त्वाचे थेंब दिले. ठकीची लक्षणं सौम्य होती, ती आठवड्याभरात उठली. चिंगी चौथ्या रात्री गेली. डॉक्टर म्हणाल्या, आठ दिवस आधी आली असती तर बहुधा वाचली असती. त्यांनी ते मला दोष द्यायला म्हटलं नव्हतं.

मी दुकानात गेले. भांडायला गेले नव्हते, खरं सांगते. वही घेऊन गेले होते. वाटलं, माणसाला कळलं तर पुढच्या गिऱ्हाइकाला तरी नीट सांगेल. तो मोबाइलवर होता. माझं बोलणं अर्धं ऐकून म्हणाला, “मॅडम, जीव आहे, कधीतरी जाणारच. दुसरी घेऊन जा, निम्म्या पैशात देतो.” दिवाळीत ‘ताई’ होते, त्या दिवशी ‘मॅडम’ झाले. मागे काचेच्या पेटीत पाच-सहा पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती आणि त्यांच्या वाटीत तेच सशाचे दाणे होते. मी पावती मागितली, दिवाळीच्या खरेदीची. म्हणाला, “जनावराची पावती नसते.” असते. 2018 च्या केंद्राच्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तुम्ही कुठेही प्राणी घेणार असाल तर आधी नोंदणीचा कागद बघा, पावती घ्या, काय खायला घालायचं ते दुकानदाराच्या हस्ताक्षरात घ्या. तो लिहून द्यायला कां कूं करू लागला, तर पायरी उतरून परत या.

‘दोघी बहिणी’ हेही खोटंच निघालं. डॉक्टरांनी ठकीला उलटं धरून अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा नर आहे.” नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून आणि बहिणींपासून वेगळं करायचं असतं, कारण त्यांच्यात वयात येणं फार लवकर होतं. मादी चार-पाच आठवड्यांचीही गाभण राहू शकते, आणि गर्भकाळ साधारण 59 ते 72 दिवसांचा असतो. त्या आजारपणात चिंगीच्या पोटात पिल्लं नव्हती, एवढीच देवाची कृपा. तेव्हा आणल्यावर पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडून नर-मादी तपासून घ्या. नाव ठेवायची घाई करू नका. आमच्या लेकीने बदलायला नकार दिला, त्यामुळे आमचा नर अजून ठकीच आहे.

आता ठकी काय खातो ते सांगते, कारण ज्यांच्या घरी आज पिल्लं आहेत त्यांना तेच हवं असेल.

सर्वांत जास्त गवत. ताटभर नव्हे, ढीगभर, दिवसरात्र समोर. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजतात ते गवत चावूनच. पोटही गवतावरच चालतं. वाळलेलं टिमोथी गवत महाग पडतं, पण चैन म्हणून आणत नाही आम्ही, ते त्याचं मुख्य अन्न आहे. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना लसूणघास चालतो, गोठेवाल्यांकडे मिळतो. पण मोठं झाल्यावर तो बंद करा, त्यातल्या कॅल्शियमने मूत्राशयात खडे होतात. दूर्वाही आवडीने खातो. फुलवाल्याकडच्या जुड्या मी आणत नाही, कुठून आणल्यात आणि काय फवारलंय ते कळत नाही. सोसायटीच्या मागे वाढलेली हरळी स्वतः कापून, धुऊन देते, सुरुवातीला चिमूटभरच.

गिनीपिगसाठीचेच पेलेट्स, दोन चमचे. पाकिटावर ‘क’ जीवनसत्त्व लिहिलेलं असलं तरी ते महिन्यागणिक उडत जातं. म्हणून तयार केल्याची तारीख बघून लहान पाकीट घ्या, आणि तेवढ्यावर विसंबू नका. पाण्यात थेंब टाकण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. पाण्यात आणि उजेडात ते लवकर निकामी होतं, शिवाय चव बदलली की ही जनावरं पाणीच कमी पितात. थेट तोंडात द्या किंवा भाजीतून द्या.

भाजी रोज: ढोबळी मिरची न चुकता, कोथिंबिरीच्या चार काड्या, एखादं पान लेट्यूसचं. आवळा आंबट म्हणून सुरुवातीला तोंड फिरवलं, आता किसून पेलेट्सला लावला की चाटून खातो. पेरूची फोड आठवड्यातून दोनदा, फळात साखर असते. पालक क्वचित. कोबी थोडाच, पोट फुगतं. कांदा, लसूण, बटाटा, दूध, पाव, पोळी अजिबात नाही. आजीआजोबांना हे दहादा सांगावं लागतं.

आणखी एक फार महत्त्वाचं. मी आधी सांगितलेलं ते औषध, जे सुदैवाने मिळालं नाही, ते पेनिसिलिनच्या जातीचं होतं. पोटातून दिलेली पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन अशी औषधं गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मारतात आणि त्याने जनावर दगावू शकतं. कुठलाही डॉक्टर असो, तोंडावर विचारा: “हे गिनीपिगला चालतं का?” राग आला त्यांना तरी चालेल.

जाळीच्या तळाने पायाला जखमा होतात. आम्ही खाली फ्लीसचं कापड घातलंय, रोज झटकतो, दोन दिवसांआड धुतो. भुशाने शिंका येत होत्या, तो बंद केला. वजन दर रविवारी, त्याच काट्यावर, कागदावर लिहून. दुखणं लपवायची या प्राण्यांना सवय असते, काटा लपवत नाही. आणि अर्धा दिवस खाल्लं नाही तर उद्यावर ढकलू नका, त्यांचं आतडं रिकामं राहिलं की थांबतं.

आता उन्हाळा तोंडावर आलाय. यांना 18 ते 24 अंशांत बरं वाटतं. पुण्याचा एप्रिल यांच्यासाठी नाही. गॅलरीतून ठकीला आतल्या खोलीत आणलंय. खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलाय, त्यावर तो पसरून झोपतो. दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवते.

एकटा मात्र आहे. चिंगी गेल्यावर आठवडाभर तिच्या कोपऱ्यात जाऊन हुंगायचा. हे कळपातले प्राणी. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनीपिग ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. त्या दुकानातून निम्म्या पैशात काय, फुकटातही आणणार नव्हते. हडपसरच्या एका कुटुंबाकडे नर पिल्लू आहे, ते रविवारी घेऊन येतोय. आधी डॉक्टरांकडे, मग तीन आठवडे वेगळ्या खोलीत, मगच ठकीची भेट. दुसरा पिंजरा आमच्या खोलीत खिडकीपासून लांब मांडून झालाय. आज मंडईतून येताना ढोबळी मिरची अर्ध्याऐवजी पाऊण किलो आणली.