गाडी ऑइल खायलीय? आधी ते जातंय कुठं ते बघा

इंजिन आतून साफ करणारं ऑइल टाकलं की जुनी गाडी ऑइल खायची थांबते, ही गोष्ट अर्धी खरी आहे. खऱ्या अर्ध्याचा फायदा मला झाला. दुसऱ्या अर्ध्याचं बिल माझ्या चुलतभावानं भरलं, आणि ते बिल मोठं होतं.

माझी गाडी पेट्रोलवरची, बीडची, एमएच-२३ची, पंधरा वर्षं उलटलेली. ठिबकच्या नळ्या आणि फिल्टर मागं टाकायचे आणि केज, धारूर, माजलगाव करत फिरायचं, हा माझा धंदा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ती भरून पाच वर्षं पदरात पाडून घेतली, म्हणजे आता गाडी चालवणं आलंच. नेमकी तेव्हाच ती ऑइल खायला लागली. खाली फरशीवर डाग नाही, धूर दिसत नाही, पण डिपस्टिक काढावी तर ऑइल खालच्या खुणेपाशी.

धूर दिसत नाही, हे मला वाटत होतं. तो दिसला धारूरच्या घाटात. घाट उतरून तेलगावच्या अंगाला सपाटीला लागलो, ॲक्सिलरेटर दाबला, आणि आरशात मागचा रस्ता निळा झाला. मागच्या मोटारसायकलवाल्यानं रुमाल नाकाला लावला, पुढं येऊन काच वाजवली आणि म्हणाला, "दादा, गाडी पेटायलीय का बघा!"

गाडी पेटत नव्हती, ऑइल पेटत होतं. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, गाडी गिअरवर असते. हवेची वाट जवळजवळ बंद, आणि पिस्टन खाली येताना ओढ तर घेतोच. मग वाट मिळेल तिथून ऑइल आत ओढलं जातं: व्हॉल्व्हच्या गाइडमधून, नाहीतर रिंगांच्या बाजूनं. घाट संपल्यावर जोर दिला की साठलेलं सगळं एकदम जळतं. त्यामुळं आपल्याकडं गाडी तपासायला मशीन नसलं तरी घाट आहे. सकाळी पहिल्यांदा चावी मारल्यावर निळा भपकारा येऊन लगेच थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. रात्रभर वरून थेंब थेंब उतरलेलं ऑइल जळतं ते. चढाला, भरल्या गाडीला सतत निळा धूर असेल तर रिंगा किंवा सिलिंडर. काळा धूर म्हणजे इंधन जादा. पांढरा धूर निघत राहत असेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. तिथं ऑइलचा डबा कुठलाही आणा, उपयोग नाही.

पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोघी दाब धरतात, त्यांतली दुसरी थोडं ऑइलही खरवडते. खरं काम तिसरीचं. सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये परत धाडणारी ती ऑइल रिंग. ऑइल परत जायला तिच्या खोबणीत बारीक भोकं नाहीतर चिरा असतात. ऑइल बदलायला उशीर झाला, इंजिन तापत राहिलं, की तिथलं ऑइल करपतं, भोकं बुजतात आणि रिंग खोबणीत चिकटून बसते. धातू झिजलेला नसतो, पण रिंग हलत नाही. हा आजार एकट्या आपल्या जुन्या गाड्यांचा नाही. टोयोटाच्या २.४ लिटर पेट्रोल इंजिनाच्या २००७च्या आसपासच्या गाड्यांत जास्त ऑइल जळायची तक्रार निघाली आणि अमेरिकेत कंपनीला वॉरंटी वाढवून पिस्टन-रिंगा बदलून द्याव्या लागल्या. २०२४मध्ये व्हॅल्व्होलिननं तिकडं 'रिस्टोअर अँड प्रोटेक्ट' नावाचं ऑइल आणलं. पिस्टनवर बसलेला थर काढायचा, तोही दर ऑइल बदलाला थोडा थोडा, असा त्याचा दावा. आता आपल्याकडंही साफसफाईची भाषा डब्यांवर दिसते.

खरं तर धुण्याचं काम कुठलंही बरं ऑइल करतंच. त्यात मळ सोडवणारी डिटर्जंट असतात आणि सुटलेला मळ तरंगत ठेवणारी द्रव्यं असतात. म्हणून तर नवं ऑइल काळं पडतं. काही दिवसांत ऑइल काळं झालं म्हणजे डुप्लिकेट, असं समजून दुकानदाराशी भांडू नका. साफसफाईच्या ऑइलात हा गुण वाढवलेला असतो, एवढंच. त्यानं चिकटलेली रिंग सुटू शकते. झिजलेला सिलिंडर भरून येत नाही, आणि वाळून कडक झालेलं रबराचं सील मऊ होऊन पहिल्यासारखं बसेल ही आशाही धरू नये.

आता चुलतभावाची गोष्ट, म्हणजे हीच सफाई घाईनं केली तर काय होतं ते. तो ऊसतोडीचा मुकादम. त्याची डिझेल जीप दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रात्रंदिवस पळते आणि पावसाळाभर बाभळीखाली उभी राहते. बीड जिल्ह्यात अशा जीपा गावोगाव आहेत. इंजिनाला पळणं सोसतं, चार महिने उभं राहणं सोसत नाही. आहे तो मळ वाळून घट्ट बसतो. हंगामाच्या तोंडावर त्यानं जीप रस्त्यावरच्या एका गॅरेजात लावली. तिथल्या मिस्तरीनं स्वस्तातला इलाज सांगितला: जुनं ऑइल काढायचं, रॉकेल-डिझेल मिसळून चेंबरमध्ये ओतायचं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं आणि सगळा मळ काढून टाकायचा. तसं केलं. खाली घमेल्यात डांबरासारखं काळं पडलं. ते बघून सगळ्यांनाच समाधान वाटलं. घाण बाहेर आलेली डोळ्यांनी दिसली की माणसाचा विश्वास बसतो. जी आत राहिली ती कुणाला दिसत नाही.

भरलेली जीप मांजरसुंब्याचा घाट चढत होती. वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. वायर ढिली असेल म्हणून भाऊ पुढं गेला. वर पोचेपर्यंत खालून टकटक सुरू झाली आणि मग जीप थांबवावीच लागली. चेंबर उतरवल्यावर मी बघितलं. ऑइल पंपाच्या तोंडाला एक जाळी असते. ती पूर्ण लिंपून गेली होती, चहाचा चोथा गाळणीत बसावा तशी. बोटानं खरवडलं तर कडक काळे कपचे निघाले. रॉकेलनं थर विरघळला नव्हता, फक्त सुटला होता. सुटलेले तुकडे जाळीवर जमले, पंपाला ऑइल मिळेना, बेअरिंगचं मेटल गेलं आणि क्रँक लेथवर न्यावा लागला. हंगाम तोंडावर असताना त्याला दुसऱ्याची जीप भाड्यानं लावावी लागली. लाल दिवा लागला त्याच जागी गाडी बंद केली असती तर बहुधा जाळी धुऊन भागलं असतं. ऑइलचा दिवा म्हणजे पेट्रोलचा काटा नव्हे, की पुढच्या पंपापर्यंत बघू म्हणावं.

हे डोळ्यांपुढं असल्यामुळं माझ्या गाडीच्या वेळी मी बार्शी नाक्याकडच्या आमच्या जुन्या मिस्तरी चाचांकडं गेलो. हाफ इंजिनाचा खर्च विचारला तर तो गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याला भिडत होता. मी म्हणालो, "चाचा, ते सफाईचं ऑइल टाकून बघायचं का?" चाचा म्हणाले, "टाकू की. पहले देखो तो सही, जाता कहाँ है."

त्यांनी आधी ब्रीदरचा व्हॉल्व्ह काढला. इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारा हा बोटाएवढा भाग. हलवला की आत खुळखुळला पाहिजे. माझा मुका होता. तो तुंबला की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल नको तिथं ढकललं जातं. काही गाड्यांत तो उघडाच अडकतो, मग ऑइल सरळ ओढलं जातं. इंजिन उघडायच्या बाता होतात आणि दुखणं या स्वस्त तुकड्यात असतं, असं चाचांनी बऱ्याचदा बघितलंय. मग प्लग काढले. तीन राखाडी कोरडे, एक ओला आणि काळा. कॉम्प्रेशन घेतलं. त्या सिलिंडरचं कमी आलं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं तर काटा वर चढला. याचा अर्थ गळती रिंगांकडं. काटा हलला नसता तर दोष व्हॉल्व्हकडं. एक मात्र लक्षात ठेवा, कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून ऑइल रिंग चांगली, असं होत नाही. दाब धरायचं काम तिचं नाहीच. वरच्या दोघी शाबूत आणि तिसरी जाम, अशीही गाडी मजेत पळते आणि ऑइल पिते.

मग ब्रीदरचा व्हॉल्व्ह नवा, आणि ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, पण सफाईवालं. फिल्टर अर्ध्या पल्ल्यावर बदलायचा, कारण सुटलेला मळ तिथंच जमणार. ऑइलही पुस्तकातल्या किलोमीटरपेक्षा आधी बदलायचं. आणि दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी, इंजिन गार असताना डिपस्टिक बघून वहीत लिहायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. सफाई चालू असताना गाडी ऑइल खातच असते. ऑइल महागाचं आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचं इंजिन मळानं नाही, ऑइल संपल्यानं जातं. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये लिटरभराच्या आसपास ऑइल बसतं. माप घेऊन टाकलं की कळतं किती गेलं. काही कंपन्या तर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल गेलं तरी चालतं म्हणतात, त्यामुळं आपला आकडा हातात असल्याशिवाय मिस्तरीशी बोलण्यात अर्थ नाही.

पहिल्या बदलात माझ्या वहीत काही फरक दिसला नाही. ब्रीदरमुळं घाटातला भपकारा थोडा कमी झाला तेवढाच. वर्षभरात मात्र आकडा उतरत गेला, हजार किलोमीटरला लिटरच्या जवळपास होता तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला आणि तिथंच थांबला. शून्य झाला नाही, होणारही नव्हता. सकाळचा भपकारा अजून आहे, म्हणजे सीलचं काम बाकी आहे. सलग दोन-तीन ऑइल बदल होऊनही वहीतला आकडा जागचा हलत नसेल, तर तुमच्या गाडीचा रोग मळाचा नाही. तिथं पुढचा डबा घेण्यापेक्षा ते पैसे रिंगांसाठी बाजूला टाका.

घट्ट ऑइल टाकायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. २०डब्ल्यू-५० टाका, खाणं कमी होतं. कमी होतं, खोटं नाही. जुन्या साध्या इंजिनाला ते एक वेळ चालूनही जातं. पण ५डब्ल्यू-३० मागणाऱ्या इंजिनाच्या वाटा बारीक असतात, आणि चिकटलेली रिंग तशीच चिकटलेली राहते. प्लगच्या भोकातून सॉल्व्हंट ओतून रात्रभर भिजवायचा प्रकारही आहे. त्याचा गुण येऊ शकतो, पण तो जाणत्या मिस्तरीच्या हातानंच करा. सकाळी प्लग न लावता इंजिन फिरवून आतलं सगळं बाहेर उडवावं लागतं. आत द्रव राहिला आणि प्लग लावून चावी मारली, तर द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. उडालेला फवारा पेट घेतो, तेव्हा जवळ बिडी नको. नंतर ऑइलही बदलायचं.

डिझेलवाल्यांना एक वेगळं सांगणं. रिंगा नाहीतर टर्बोचं सील फार गेलं, किंवा चेंबर गळ्यापर्यंत भरलं, तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागू शकतं. चावी बंद केली तरी ते बंद होत नाही, उलट आवाज चढत जातो. अशा वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबतं. तसं जमलं नाही तर हवेच्या नळीच्या तोंडावर जाड फळी दाबायची, हात नव्हे, आणि लोकांना लांब करायचं.

आणि पाणी. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरचं नाहीतर बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरमध्ये जातं, क्षार बसतात, मे महिन्यात ४२ अंशांत इंजिन तापतं आणि ऑइल रिंगांत करपतं. कूलंट आणि शुद्ध पाणी घालायला लागणारे पैसे सफाईच्या ऑइलपेक्षा कमी आहेत, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही. ऑइल घेताना डब्याचं सील, छापलेली तारीख बघा आणि पावती मागा. रिकामा डबा भंगारवाल्याला देताना त्याला भोक पाडा, नाहीतर तोच डबा भरून पुन्हा दुकानात दिसायचा. काढलेलं जळकं ऑइल सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला लोक नेतात. निदान ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

जुनी गाडी विकत घ्यायला जाणार असाल तर सकाळी लवकर, न कळवता जा. आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकानं तुमच्या आधी गाडी चालू करून भपकारा उडवून टाकलेला असू शकतो. चहा घ्या, पाऊसपाण्याच्या गप्पा मारा, इंजिन गार होऊ द्या. मग एकाला मागं सायलेन्सरपाशी उभं करा आणि चावी तुम्ही स्वतः मारा.