न दुखणारे पाय

चैत्रात कुलदेवीच्या दर्शनाला गेलो होतो. भर दुपारची रांग, खाली काळ्या दगडाची फरशी. पुढचेमागचे सगळे या पायावरून त्या पायावर नाचत होते, कुणी पंचा अंथरून त्यावर उभं राहत होतं. मी मात्र शांत. मागच्या एक बाई म्हणाल्या, "काकूंची श्रद्धा बघा, चटका म्हणून लागत नाही त्यांना." ऐकून मला बरंच वाटलं. घरी आल्यावर सुनेने विचारलं, "आई, फरशीवर हे ओलं कशाचं?" दोन्ही तळव्यांना लिंबाएवढे फोड आले होते. त्यातला एक फुटलेला, आणि मी तशीच घरभर हिंडत होते.

मला मधुमेह बरीच वर्षं आहे. साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा बिघडतात, हे कानावर होतं. पण तसं झालं तर आपल्याला कळेलच, ही समजूत. त्याआधीचे काही उन्हाळे माझे तळवे रात्री नुसते जळायचे. आता अकोल्यात मार्चपासून कुणाचे जळत नाहीत? उष्णता वाढली म्हणायचं, काशाच्या वाटीने तूप चोळायचं, सब्जा भिजत घालायचा. पुढे ती आग कमी झाली तेव्हा श्रेय गुलकंदाला दिलं. डॉक्टरांनी सांगितलं, आग थांबली कारण जाणीवच गेली.

म्हणून मधुमेह असणाऱ्या आणि तळपायांची आग होणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की ती उन्हाळ्याच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका. तपासणी अगदी साधी असते. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात. तो 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो, आणि तेवढा स्पर्श कळला पाहिजे. मला बऱ्याच ठिकाणी कळला नाही. कधी कारण 'ब 12' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचंही असतं, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत विशेष. तीही तपासणी करून घ्या.

देवळात जायचंच तर काकड आरतीला जा. दुपारी जावं लागलं तर जाड सुती मोजे घाला. देवीला मोज्यांचं वावडं असेल असं मला वाटत नाही. पण खरा धोका देवळापेक्षा आपल्या गच्चीवर. कुरडया, पापड, सांडगे उलथायला आपण भर उन्हात अनवाणी वर जातो, कारण वाळवणापाशी चप्पल नको. गच्चीच्या पायरीवर एक धुतलेली, फक्त वाळवणासाठीची जोडी ठेवा. विटाळ होत नाही.

भाजलंच तर त्या जागेवर वीसेक मिनिटं थंड पाणी धरा. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट तर नकोच, आणि फोड फोडू नका. आमच्याकडे मे महिन्यात नळाला येणारं टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, त्यामुळे सकाळीच एक बादली सावलीत भरून ठेवावी. पाय धुतानाही पाणी आधी कोपराने बघा. पायावर भरवसा नाही.

भेगांना अजूनही कुणीकुणी बिब्बा लावायला सांगतं. बधिर पायावर बिब्बा म्हणजे भाजण्याची दुसरी तऱ्हा. कोकमाचं किंवा खोबरेल तेल रात्री टाचांना चोळा, पण बोटांच्या बेचक्यांत नाही. तिथे ओल राहिली की कातडी कुजते. बेचक्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने टिपून घ्या. उन्हाळ्यात पाय सुजले की जोडवी रुततात, ती काढून ठेवा. सौभाग्याला काही होत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका, औषधाच्या पट्ट्याही लावू नका.

नवी चप्पल चावते, पण आपल्याला ते कळत नाही. म्हणून अंगठ्याची नको, मागे पट्टा असलेली घ्या, आणि संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. मऊ एमसीआर रबराच्या चपला कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठीही वापरल्या जातात. तेवढ्यावरून नाक मुरडणारे मला भेटले आहेत. माझ्या पायांत आता त्याच आहेत.

रोज रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. माझा नातू मोबाइलवर फोटो काढतो आणि मोठा करून दाखवतो, ते आरशापेक्षा बरं पडतं. फोड, चीर, काळा-लाल डाग, ओलसरपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला लागला, तर तो दुखत नसला तरी त्यावर भार न देता रिक्षा बोलवा.