सारखी पेटी, निराळे दाते

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९८२ साली हलक्या ट्रकांसाठी व मोटारगाड्यांसाठी ‘७००-आर४’ हा चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला. १९९० मध्ये त्यास ‘४एल६०’ हे नाव मिळाले. नाव बदलले, पेटी मात्र तीच राहिली. म्हणूनच जुन्या-नव्या भागांची अदलाबदल करण्याचा मोह कारागिरास होतो.

आरंभीच्या पेट्यांत इंजिनाची शक्ती आत आणणाऱ्या शाफ्टवर २७ दाते असत. १९८४ च्या सुमारास ३० दात्यांचा, अधिक मजबूत शाफ्ट आला. या शाफ्टवर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या प्रवाहाद्वारे शक्ती पोचविणारे भांडे, बसते. त्याच्या आतील दाते शाफ्टशी जुळले नाहीत, तर ते शेवटपर्यंत आत सरकत नाही. अशा वेळी बोल्ट आवळून पेटी इंजिनाकडे ओढली, की तेलाचा पंप मोडतो, आणि दोष बिचाऱ्या पंपाच्या माथी मारला जातो. वास्तविक दाते मोजावयास एखादे मिनिटही लागत नाही.

१९९३ मध्ये आलेल्या ‘४एल६०-ई’ ने हे अंतर वाढविले. पहिल्या गिअरचे ३.०६ हे गुणोत्तर कायम राहिले. परंतु गिअर केव्हा बदलावा हे पूर्वी थ्रॉटलला जोडलेली केबल व गव्हर्नर मिळून ठरवीत, ते काम आता संगणकाकडे गेले. त्यामुळे झडपांचा संच एकातून काढून दुसऱ्यात बसविता येत नाही. जुन्या ट्रकात ही पेटी घालावयाची, तर तिला चालविणारा संगणकही सोबत घालावा लागतो.