आधी ध्वनी, मग चित्र

हेदवीसारख्या समुद्रकाठच्या गावात राहून ज्याने आपल्या मुलखातील उत्सव, कीर्तने, शिमग्यातली नमने आणि वृद्धांच्या तोंडच्या ओव्या कॅमेऱ्यात साठवून ठेवण्याचे काम काही वर्षे निष्ठेने केले आहे, त्याला एक गोष्ट निश्चितपणे उमगते, ती ही की, चित्र थोडे बिघडले तरी प्रसंग ओळखू येतो, पण ध्वनी बिघडला की त्या चित्रणाची योग्यताच नाहीशी होते. कीर्तनकारबुवांचा चेहरा गावातल्या अनेक छायाचित्रांत सापडेल. पूर्वरंग संपवून आख्यानाला प्रारंभ करताना त्यांनी लावलेला स्वर दुसरीकडे कोठेही सापडणार नाही. असे असूनही हाय-डेफिनिशन कॅमेरा हाती आला की सर्वांचे लक्ष चित्राच्या रेखीवपणाकडे जाते, आणि ध्वनीची चौकशी होते ती सर्व आटोपल्यावर. या कामात जे अनुभवास आले ते इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने ही हकीकत लिहीत आहे.

गावातील एका घरी माघ महिन्यात कीर्तन झाले. बुवांचा आवाज स्वच्छ यावा म्हणून लाऊडस्पीकरवाल्याने आपल्या मिक्सरमधून एक वायर काढून ती थेट कॅमेऱ्याच्या माईकच्या खोबणीत जोडून दिली. चित्रण चालू असताना हेडफोनमध्ये आवाज ऐकू येत होता. किंचित पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा, पण स्पष्ट. त्या चित्रणाचे मोबाईलवर चालणाऱ्या फाइलीत रूपांतर करून ती मुंबईच्या नातलगांना पाठवली, तेव्हा तिकडून ती मोबाईलवर पाहणाऱ्या एका वृद्ध आत्याबाईंचा फोन आला : "अरे, बुवा दिसतात, हात हलतात, पण शब्द एकही कानी पडत नाही. नुसती खरखर." दुसऱ्या घरी तीच फाइल संगणकाच्या दोन स्पीकरांवर लावली, तर बुवांचे शब्द न् शब्द ऐकू येत होते.

या विसंगतीचे कारण वायरीत होते. मोठ्या मिक्सरमधून निघणारा ‘बॅलन्स्ड’ संकेत एकच ध्वनी दोन तारांवरून, एकीवर सुलट आणि दुसरीवर उलट, असा पाठवतो. वाटेत शिरलेला गुणगुणाट पुढच्या यंत्रात वजा व्हावा, ही त्यामागची योजना. कॅमेऱ्याच्या छोट्या स्टीरिओ खोबणीला मात्र त्या दोन तारा म्हणजे डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र ध्वनी वाटतात. परिणामी डाव्या बाजूस सुलट आणि उजव्या बाजूस उलट ध्वनी नोंदला जातो. दोन स्पीकरांवर तो ऐकू येतो, परंतु एकच स्पीकर असलेल्या मोबाईलवर दोन्ही बाजू एकत्र होताच एकमेकींना पुसून टाकतात. यावर उपाय सोपा आहे. ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत डावी बाजू तेवढी ठेवावी, तिचीच नक्कल उजवीकडे द्यावी, आणि तो दुरुस्त ध्वनी पुन्हा चित्रावर बसवावा. हेडफोनमध्ये आवाज पोकळ वाटू लागला की तेथेच संशय घ्यावा. आणि मिक्सरमधून वायर घ्यायचीच असेल तर मधे ट्रान्सफॉर्मर असलेला जोड वापरावा, किंवा मिक्सरच्या ‘रेकॉर्ड’ लिहिलेल्या साध्या पिनांतून ध्वनी घ्यावा. त्यातही दक्षता अशी की मिक्सरचा संकेत माईकच्या संकेताहून पुष्कळ पटींनी प्रबळ असतो. कॅमेऱ्यात ‘लाइन’ची सोय नसेल तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कोणत्याही प्रणालीने पूर्ववत होत नाही.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित ध्वनिनियंत्रणाचे स्वरूप पाहायचे असेल त्याने भरतीच्या वेळी आमच्या बामणघळीवर यावे. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या खडकात ही अरुंद घळ आहे. लाट तीत शिरते आणि प्रचंड गर्जना करीत पाण्याचा स्तंभ उंच उसळतो. तेथे उभा राहून कोणी माहिती सांगत असेल, तर प्रत्येक गर्जनेसरशी कॅमेरा आपली श्रवणशक्ती एकदम आवरून धरतो, आणि लाट ओसरल्यावरही सांगणाऱ्याची पुढची वाक्ये काही क्षण तळघरातून आल्यासारखी क्षीण येतात. ढोलाच्या गजरानंतर गाऱ्हाणे घालणाऱ्याचा आवाज दबतो तोही याच कारणाने. म्हणून ज्या कॅमेऱ्यात ध्वनीची पातळी हाताने ठरवता येते, तेथे ती हातानेच ठरवावी, मोठ्यात मोठ्या आवाजालाही थोडी जागा शिल्लक राहील इतकी खाली ठेवावी, आणि वाऱ्यासाठी माईकवर केसाळ टोपी चढवावी. रूपांतराच्या वेळी वाऱ्याची घरघर काढू पाहणे म्हणजे त्याबरोबर माणसाच्या आवाजातला भारदस्तपणाही काढून टाकणे होय.

ओठ आणि शब्द यांची फारकत ही सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार. तिचे निदान करण्यापूर्वी कोणतेही बटण दाबू नये. आरंभी, मध्यावर आणि शेवटी असे तीन ठिकाणी टाळाच्या आघाताशी हातांची हालचाल ताडून पाहावी. अंतर सर्वत्र सारखेच असेल तर ध्वनी एकदा मागेपुढे सरकवून काम भागते. अंतर क्रमाक्रमाने वाढत असेल तर गती चुकली आहे असे समजावे : कॅमेरा सेकंदाला ४८,००० नमुने नोंदतो आणि एखादी प्रणाली ते ४४,१०० च्या गतीने वाचते, तेव्हा तासाचा ध्वनी पासष्ट मिनिटांहून अधिक लांबतो आणि पांढरी दोनमध्ये गाणाऱ्याची पट्टी काळी एकच्याही किंचित खाली उतरते. गाण्याची जाण असलेल्या माणसाला हा दोष ओठांकडे न पाहताही कळतो. ४८,००० चा आकडा आरंभापासून अखेरपर्यंत कायम ठेवावा, आणि आपल्याकडील कॅमेऱ्यांची सेकंदाला २५ चित्रांची गती २४ किंवा ३० करू नये.

अंतर एकाएकी उडी मारून वाढत असेल, तर तेथे बहुधा सांधा असतो. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत अनेक कॅमेरे लांब चित्रणाचे आपोआप तुकडे करून ठेवतात. तीतील डॉल्बी ध्वनीचा एकेक घटक ३२ मिलिसेकंदांचा आणि चित्र ४० मिलिसेकंदांचे, त्यामुळे दोहोंच्या सीमा क्वचितच एका जागी येतात. प्रत्येक तुकड्याचे वेगळे रूपांतर करून मग ते जोडले, तर प्रत्येक सांध्यावर टक् असा आवाज होतो किंवा अभंगाच्या चरणातले एक अक्षर गळते. आधी जोडावे, मग रूपांतर करावे. आणि त्यासाठी कार्डावरून फक्त एमटीएस फाइली उचलून न आणता संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवावा, कारण कोणता तुकडा कोणाच्या मागे, याचे दप्तर त्याच फोल्डरात असते. ‘५.१’ वाहिन्यांच्या माईकने घेतलेला ध्वनी दोन बाजूंचा करतानाही मधली वाहिनी मिसळली गेली आहे ना, हे पाहावे. ती गळाली तर सभोवतालचा कोलाहल राहतो आणि समोर बोलणारा मुका होतो.

फितींचा मामला याहून नाजूक आहे. २००३ साली जाहीर झालेल्या एचडीव्ही पद्धतीत मिनी-डीव्हीच्याच कॅसेटवर बारा-बारा चित्रांचे गट करून नोंद होते, म्हणून फितीवर एक डाग पडला तरी जवळजवळ अर्ध्या सेकंदाचे चित्र आणि ध्वनी जातो. कोकणच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. अशी फीत यंत्रात घातली की यंत्राचे हेडही मळते आणि पुढची चांगली फीत बिघडते. फीत संगणकात घेताना कॅमेरा दिसतच नसेल, तर मेनूमधील एचडीव्ही आणि डीव्हीची निवड, तसेच ‘आय-लिंक’च्या रूपांतराची नोंद तपासावी, आणि ती बदलताना वायर काढलेली असावी.

मूळ नोंद हा दस्तऐवज आहे. रूपांतर ही केवळ त्याची नक्कल. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या हिंदुस्थानातील पहिल्या बोलपटाची आज एकही प्रत उपलब्ध नाही, हे ध्यानात ठेवले तर कार्ड पुसण्याची घाई कोणी करणार नाही. दोन ठिकाणी मूळ प्रत ठेवल्याशिवाय, आणि नक्कल एकदा मोबाईलच्या एका स्पीकरवर अथपासून इतिपर्यंत ऐकल्याशिवाय, कार्ड मोकळे करू नये. फिती ज्यांच्या कपाटात आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, फायरवायरची (आय-लिंकची) खोबण नव्या संगणकांत मिळत नाही आणि फिती वाचणारे कॅमेरे दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत, म्हणून हे काम येत्या पावसाळ्याच्या आत हाती घ्यावे, आणि ज्या फितींत आता हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत त्या सर्वांआधी उतरवून घ्याव्यात.